व्हीलचेअर घेण्याआधी माप
किमतीच्या आधी मापाकडे पाहावे, असे मी आपणांस आग्रहाने सांगेन. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा राहावी आणि गुडघ्यामागची बाजू व आसनाची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. माझी पहिली खुर्ची मी ऐसपैस म्हणून घेतली आणि सतत एका अंगावर कलून बसल्याने पाठ धरली. रोज ज्या गादीवर बसणार, तीच ठेवून माप घ्यावे, कारण तिच्या जाडीने सारी उंची बदलते. चाके स्वतः फिरवणार असाल, तर मागची चाके मोठी, साधारण २४ इंची हवीत. हात सैल सोडल्यावर बोटांची टोके चाकाच्या आसापर्यंत पोहोचावीत. घरातला सर्वांत अरुंद दरवाजा, बहुधा न्हाणीघराचा, मोजून ठेवावा.