बाप्तिस्मा घेऊन वर्ष झालं, दर रविवारी उपासनेला जातो, तरी राग आवरत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?

नाही, राग येतो एवढ्यावरून विश्वास खोटा ठरत नाही. राग आल्यावर तुम्ही काय करता, तिकडे बघा. पुण्यात कॅम्पातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी बायबलचा वर्ग घेतो, तिथे हा प्रश्न हमखास निघतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (१:५-७) विश्वासात सात्त्विकतेची, मग ज्ञानाची, मग इंद्रियदमनाची, म्हणजे आत्मसंयमाची, भर घाला असं सांगितलंय, आणि तेही होईल तितका प्रयत्न करून. हे पत्र आधीच विश्वास ठेवणाऱ्यांना लिहिलेलं आहे! कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतरही त्यांचा तापटपणा कसा होता, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचा. तेव्हा वर्षभरात सगळं बदलावं हा हिशेब जरा घाईचाच. रोजचं म्हणाल तर:

- पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजलं, तर त्याच दिवशी दार वाजवून ‘माझं चुकलं’ म्हणा. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं इफिस ४:२६ सांगतं. व्हॉट्सॲपवर हात जोडल्याची इमोजी पाठवणं यात धरत नाही.
- नुकसान केलं असेल तर भरून द्या. जक्कय या जकातदाराने, कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर, चौपट परत करायची तयारी दाखवली होती (लूक १९:८).
- बदल झालाय का, हे चर्चच्या पाळकांपेक्षा घरच्यांना विचारा.

मात्र राग हाणामारीपर्यंत जात असेल, घरचे तुम्हाला भीत असतील, तर ‘हळूहळू वाढ होतेय’ म्हणत बसू नका. पाळकांशी बोला आणि समुपदेशकाकडेही लगेच जा.