संगीताचे पैसे दिले म्हणजे संगीत आपलं होत नाही

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. तुमच्या व्हिडिओ गेमचं संगीत ओळखीच्या मुलाकडून करून घेतलं, पैसे यूपीआयने दिले, आणि आता त्याच्याच तक्रारीवरून ऑनलाइन स्टोअरने गेम विक्रीतून उतरवला. 'पैसे दिल्याचा पुरावा आहे, मग हक्क आमचाच ना?' असं विचारलंय तुम्ही. नाही हो. तो तुमच्याकडे पगारावर असता तर गोष्ट वेगळी होती. बाहेरून काम करणाऱ्याने संगीताचा हक्क लेखी, सही करून दिला नसेल, तर तो त्याचाच राहतो.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण या एका कलमाने माझं दीड वर्ष खाल्लंय.

मी तर करारही केला होता. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका ऑफिसात, जिथे दिवसभर भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रं टाइप होतात. शंभराचा स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, आणि मधे एक ओळ: 'सदर संगीताचे सर्व हक्क लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस दिले आहेत.' काम झालं असं समजून निघालो. पुढे आमचा गेम बाजारात आणणाऱ्या परदेशी प्रकाशकाशी बोलणी ठरत आली, तेव्हा त्यांच्या वकिलाने दोनच गोष्टी विचारल्या: किती वर्षांसाठी? कोणत्या देशांत? कागदावर दोन्ही नव्हतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि आमचा गेम विकला जात होता अमेरिकेत नि युरोपात! प्रकाशक मागे फिरला. त्या ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, 'मसुदा वाचूनच सही केलीत ना?' हक्कांचं कलम उघडूनही न बघता पैसे घेतात, याचा मला आजही संताप येतो.

तेव्हा आता घाईने स्टोअरला प्रतिदावा, म्हणजे 'तक्रार चुकीची आहे, गेम परत लावा' अशी नोटीस, पाठवू नका. अमेरिकी कायद्याखालच्या त्या नोटिशीत शपथेवर विधान करावं लागतं, आणि तुमच्या हातात कागद नाही. त्यापेक्षा त्या मुलाला भेटा. माझं स्पष्ट मत आहे की विक्रीतला थोडा वाटा द्या आणि नवा करार करा. त्यात 'संपूर्ण जगासाठी' आणि 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द हवेतच. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो रद्द होतो, ही तरतूद लागू नाही असंही लिहून घ्या. सिनेमा-संगीताचे करार करणारा वकील गाठा. प्रदेश लिहिला नाही तर काय होतं, हे त्याला पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर देता आलं नाही तर उठून या.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. स्क्रीनशॉटमध्ये तुमचे पडणारे ठोकळे पाहिले. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, हे खरं. पण २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टात टेट्रिस या पडणाऱ्या ठोकळ्यांच्या गाजलेल्या गेमच्या मालकांनी तसाच गेम काढणाऱ्या झिओ कंपनीविरुद्धचा दावा जिंकला तो दिसण्यावरून: ठोकळ्यांचे तेच आकार, दहा बाय वीसची तीच पाटी, ठोकळा कुठे बसेल ते दाखवणारी तीच सावली. गेम उतरलेलाच आहे, तर तेवढ्यात ते चित्रही बदलून टाका.

आणि करारावर सही होईल त्याच दिवशी संगीताच्या मूळ प्रोजेक्ट फाइल्स, म्हणजे ज्यांत पुढे बदल करता येतात त्या, मागून घ्या. आम्हाला नुसत्या एमपीथ्री मिळाल्या होत्या.