एचपीएलसी-यूव्हीवर नदीतली औषधं मोजता येतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कॉलेजात यूव्ही डिटेक्टर लावलेलं एचपीएलसी आहे, म्हणजे द्रावणातले पदार्थ एका नळीतून (कॉलममधून) वेगळे काढून अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून मोजणारं यंत्र. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जवळच्या नदीतलं पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक आणि सिप्रोफ्लॉक्सासिन मोजायचंय, आणि करवंटीपासून केलेल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनने ही औषधं पाण्यातून निघतात हे दाखवायचंय. सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मी आधी औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, होतो, नंतर बरीच वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे दोन्हीकडची कामाची रीत ठाऊक आहे. उत्तर लांबणार आहे, कारण यातली अडचण यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतर आहे.

आधी प्रमाण बघू. डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची एक गोळी दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत सारखी मिसळली, तर लिटरमागे ५०० नॅनोग्रॅम येतात. नद्यांत आणि एसटीपीतून (शहरी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) सोडलेल्या पाण्यात औषधं सापडतात ती साधारण याच पट्ट्यात, म्हणजे काही नॅनोग्रॅमपासून काही मायक्रोग्रॅमपर्यंत. गोळीचं अ‍ॅसे (त्यातल्या औषधाचं मोजमाप) करताना आपण लिटरला दहा-वीस मिलिग्रॅमचं द्रावण इंजेक्ट करतो. म्हणजे नदीच्या कित्येक हजार पट. साध्या पद्धतीत यूव्ही डिटेक्टर लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास भरवशाचं मोजतो. त्याखाली पीक (आलेखातला औषधाचा सुळका) आणि बेसलाइनची (खालच्या सपाट रेषेची) थरथर वेगळी काढणं अवघड होतं. नदीचं पाणी गाळून थेट इंजेक्ट केलंत तर काही दिसणार नाही. तेव्हा प्रबंधात "औषध आढळले नाही" असं लिहू नका. "आमच्या पद्धतीच्या मोजमाप मर्यादेखाली" असं लिहा आणि ती मर्यादा आकड्यात द्या.

कारखान्यांच्या सांडपाण्याची गोष्ट वेगळी. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध उत्पादकांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात जात होतं. तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडलेल्या पाण्यात स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाला सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात जेवढं असतं त्याहून हे जास्त. असं पाणी तुमच्या एचपीएलसीवर पातळ करून सहज मोजता येईल. आता हेच सीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याला रासायनिक रीतीने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या, भाषेत बघा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणुसूत्रावरून हिशोब केला तर ३१ मिलिग्रॅमचा सीओडी येतो जेमतेम पन्नासेक मिलिग्रॅम. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ईटीपीचा (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) केमिस्ट रोज प्रामाणिकपणे सीओडी, बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) काढेल, आकडे मर्यादेत येतील, आणि नाल्यातले जिवाणू दिवसरात्र अँटिबायोटिकमध्ये वाढत राहतील. एकत्रित मोजमापाला एकेक रेणू दिसत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. त्या परत याव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्यासारख्यांनी नीट मोजलेले आकडे त्यासाठी लागणार आहेत.

आता तुमच्या नदीकडे. एचपीएलसी-यूव्हीवर तिथे पोचायचं तर नमुना आधी दाट करावा लागेल, म्हणजे सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन, एसपीई. कार्ट्रिज, म्हणजे औषध धरून ठेवणाऱ्या भुकटीची छोटी नळी, मिथेनॉलने आणि मग पाण्याने भिजवायचं, ५०० मिली नमुना सावकाश सोडायचा, धुऊन कोरडं करायचं, मिथेनॉलने औषध उतरवायचं, नायट्रोजनखाली सुकवून १ मिली मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) घ्यायचं. पाचशे पट दाट झालं. कागदावर तुमची मर्यादा ०.१ मिलिग्रॅमवरून २०० नॅनोग्रॅमवर आली. प्रत्यक्षात तेवढी येत नाही, कारण औषधाबरोबर नदीतली ह्युमिक द्रव्यंही (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारी) पाचशे पट दाट होतात. ती कॉलममधून पसरट उंचवट्यासारखी येतात आणि डायक्लोफेनॅकच्या २७६ नॅनोमीटरवरही प्रकाश शोषतात. पहिला क्रोमॅटोग्राम बघून घाबरू नका. ग्रेडियंट (मोबाइल फेजचं बदलत जाणारं मिश्रण) संथ करा, कार्ट्रिज उतरवण्याआधीचं धुणं सुधारा, आणि मर्यादा शुद्ध पाण्यातल्या प्रमाणित द्रावणांवरून न काढता त्याच नदीच्या पाण्यात स्पाइक करून (माहीत मात्रेचं औषध घालून) काढा. मर्यादेसाठी ३.३ सिग्मा (वाचनांतली चढउतार) भागिले कॅलिब्रेशन रेषेचा उतार हे सूत्र सगळे लिहितात. त्या पातळीला खरंच स्पाइक करून पीक मोजता येतं का, हे फार थोडे जण तपासतात.

तीन औषधं एका दमात घेण्याचा हट्ट सोडा असं मी सुचवेन. या तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. डायक्लोफेनॅक आम्ल आहे, पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित होतात तो) चारच्या जवळ. नमुन्याचा पीएच दोन-तीनवर आणला की ते भाररहित होतं आणि कार्ट्रिजला छान धरतं. पॅरासिटामॉल पाण्यात रमणारं, ५०० मिली सोडेपर्यंत त्यातलं बरंचसं कार्ट्रिजमधून निसटू शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिनवर धन आणि ऋण दोन्ही भार असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला बिलगतं, काचेलाही चिकटतं. आपल्याकडच्या कठीण पाण्यात ईडीटीए (हे धातू बांधून ठेवणारं रसायन) घातल्याशिवाय त्याची रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळणारा भाग) जागेवर राहत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची १६९४ क्रमांकाची पद्धत याच कामासाठी आहे, आणि तीसुद्धा सगळी औषधं एका पीएचवर काढत नाही; आम्ल आणि अल्कली असे वेगळे निष्कर्षण करते.

माझी निवड डायक्लोफेनॅक आणि कार्बामाझेपिन ही असेल. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध. पाण्याच्या नेहमीच्या पीएचला त्यावर भार नसतो, २८५ नॅनोमीटरला चांगलं शोषण देतं, आणि एसटीपीच्या जैविक टाकीत जवळजवळ तसंच राहतं. म्हणून सांडपाणी कुठपर्यंत पोचलंय याचा माग काढायला ते जगभर वापरतात. २०२२ साली १०४ देशांतल्या नद्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्वांत जास्त ठिकाणी सापडलेल्या तीन पदार्थांत कार्बामाझेपिन होतं, मेटफॉर्मिन आणि कॅफिनच्या बरोबरीने. डायक्लोफेनॅक गिधाडांमुळे आपल्याला माहीत आहेच: ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मेली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण माणसांच्या गोळ्या आणि मलमं चालू आहेत, त्यामुळे शहराच्या सांडपाण्यात ते येतंच. सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायचंच असेल तर विभागात फ्लुओरेसन्स डिटेक्टर (पदार्थाने शोषून परत सोडलेला प्रकाश मोजणारा) कुठे धूळ खात पडलाय का ते विचारा. आम्ल मोबाइल फेजमध्ये २७८ ला उद्दीपन आणि ४५० ला उत्सर्जन ठेवलंत की यूव्हीपेक्षा कितीतरी खाली जाल, आणि ह्युमिकचा त्रासही कमी होईल.

नमुना घेताना गडद काचेची बाटली, बर्फ, त्याच दिवशी ग्लास फायबर फिल्टर, आणि शक्यतो दोन दिवसांत कार्ट्रिजवर. डायक्लोफेनॅक उन्हात झपाट्याने तुटतं, त्यामुळे पारदर्शक बाटली डिकीत घालून दुपारभर फिरलात तर प्रयोग तिथेच संपला. नमुना घेणाऱ्याने गुडघ्याला किंवा पाठीला डायक्लोफेनॅकचं जेल लावलेलं नसावं. हातमोज्यांवरून, झाकणावरून ते बाटलीत येतं आणि नॅनोग्रॅमच्या कामात तेवढं पुरतं. म्हणून प्रत्येक फेरीला एक फील्ड ब्लँक न्या: शुद्ध पाणी, तशीच बाटली, नदीकाठी उघडायची, बंद करायची, बाकी सगळ्या पायऱ्या सारख्या. एसटीपीतून नमुना घेत असाल तर एकच बाटली भरून उपयोग नाही. सकाळच्या आणि दुपारच्या पाण्यात फार फरक असतो. चोवीस तासांचा मिश्र नमुना मागा. केंद्रावर ऑटो सॅम्पलर नसेल तर तिथल्या ऑपरेटरशी बोलून दर दोन तासांनी ठरावीक माप काढून एकत्र करा.

आणि रिटेन्शन टाइम (पीक कॉलममधून बाहेर यायची वेळ) जुळला म्हणजे ओळख पटली असं नाही. पीडीए (सगळ्या तरंगलांबी एकदम मोजणारा डिटेक्टर) असेल तर पूर्ण वर्णपट जुळवा, मग त्याच नमुन्यात प्रमाणित पदार्थ घालून पीक दुभंगत नाही ना ते पाहा. एवढं करून मोजके नमुने एलसी-एमएस/एमएसला (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (महागडी उपकरणं बाहेरच्यांनाही वापरू देणाऱ्या) केंद्रांत बाहेरचे नमुने पैसे भरून घेतात. कुठेही पाठवलंत तरी आधी विचारा की तिथे ट्रिपल क्वाड्रुपोल (रेणू फोडून त्याचे तुकडेही मोजणारा प्रकार) आहे का, आणि डायक्लोफेनॅकचे २९६ पासून २५० आणि २१४ असे दोन्ही ट्रान्झिशन (रेणूचं आणि तुकड्याचं वस्तुमान अशा जोड्या) ते देतील का. दोघांचं परस्परप्रमाण जुळलं तरच ओळख पक्की. मास स्पेक्ट्रोमीटरलाही नदीचं पाणी फसवतं. औषधासोबत येणारी द्रव्यं आयनीभवन दाबून टाकतात आणि आकडा निम्म्यावरही येऊ शकतो. ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) लावलेलं अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यात माहीत मात्रेत घातलेलं तेच औषध, हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय, पण ते महाग असतं. न परवडल्यास स्टँडर्ड अ‍ॅडिशन करा: एकाच नमुन्याचे चार भाग, त्यात वाढती मात्रा, आणि रेषा मागे खेचून मूळ प्रमाण काढायचं. वेळखाऊ आहे, पण त्या पाण्याचा दोष त्या पाण्यातच भरून निघतो.

आता कार्बन. इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण चांगल्या मुलांचे चांगले प्रयोग इथे वाया जाताना पाहिलेत. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला ५० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक, एक-दोन ग्रॅम कार्बन, पीएच तीन, ९८ टक्के निष्कासन. हा निकाल बघून आनंद होतो. पण पीएच तीनला डायक्लोफेनॅक स्वतःच विरघळत नाही. त्याचं आम्लरूप लिटरला काही मिलिग्रॅमच पाण्यात राहतं. उरलेलं अवक्षेप होऊन बसतं आणि तुम्ही गाळता तेव्हा फिल्टरवर अडकतं. ते श्रेय कार्बनच्या खात्यावर जमा होतं. म्हणून प्रत्येक पीएचला कार्बनविना एक फ्लास्क तितकाच वेळ हलवा, तसाच गाळा, तसाच मोजा. नायलॉनचा मेंब्रेन फिल्टरसुद्धा काही औषधं धरून ठेवतो, तेही याच ब्लँकमध्ये उघड होईल.

दुसरी गोष्ट अशी, की ५० मिलिग्रॅम म्हणजे नदीतल्या ५०० नॅनोग्रॅमच्या एक लाख पट. एवढ्या दाट द्रावणावर काढलेला लँगम्यूर आयसोथर्म (कार्बनवर किती चिकटतं आणि पाण्यात किती उरतं याचा आलेख) नदीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. खऱ्या पाण्यात कार्बनच्या छिद्रांसाठी औषधाला नैसर्गिक सेंद्रिय द्रव्याशी झुंजावं लागतं, आणि ते द्रव्य हजारो पट जास्त असतं. स्वित्झर्लंडच्या केंद्रांत पावडर कार्बन लिटरला दहा-वीस मिलिग्रॅमच टाकतात. त्यापुढे एक ग्रॅमचा प्रयोग व्यवहारात बसत नाही. तुम्ही नदीचं किंवा एसटीपीचं पाणी घ्या, त्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम स्पाइक करा, कार्बन ५ ते ५० मिलिग्रॅम, आणि उरलेलं औषध एसपीई करून मोजा. निष्कासन ९८ ऐवजी ५५ टक्के आलं तरी तो आकडा कामाचा आहे, कुणीतरी त्यावर टाकी बांधू शकेल. शेवटी कार्बन गाळून मिथेनॉलने धुवा आणि किती औषध परत येतं ते पाहा. सगळं परत येणार नाही, पण औषध कार्बनवर गेल्याचा तो थेट पुरावा असतो.

हा पुरावा का मागतोय तेही सांगतो. पाण्यातलं पीक नाहीसं होण्याच्या वाटा अनेक आहेत. पॅरासिटामॉलच्या पाण्यात क्लोरीन घातलं की पीक जातं, पण तयार होणाऱ्या पदार्थांत बेंझोक्विनोन आणि एनएपीक्यूआय असतात. गोळ्यांचा अतिडोस झाला की यकृताला इजा करतो तो हाच एनएपीक्यूआय. सिप्रोफ्लॉक्सासिन जैविक टाकीनंतर पाण्यात बरंच कमी दिसतं, पण त्यातलं पुष्कळसं गाळात जाऊन बसलेलं असतं, आणि तो गाळ पुढे शेतात जाऊ शकतो. कार्बामाझेपिनचं तर कधीकधी बाहेर पडणाऱ्या पाण्यातच प्रमाण जास्त येतं, कारण शरीराने ग्लुकुरोनाइड (साखरेपासूनचा एक गट) जोडून बाहेर टाकलेला भाग टाकीतले जिवाणू पुन्हा मोकळा करतात. असा उणे टक्का आला तर तो दडवू नका, त्याची चर्चा करा.

शंभर औषधं मोजण्याची गरज नसते हेही ध्यानात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून निवडक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढावी लागतात आणि ते तपासायला बारा पदार्थांची यादी आहे. डायक्लोफेनॅक आणि कार्बामाझेपिन दोन्ही तिच्यात आहेत. तिथले लोक आणखी एक साधं मोजमाप वापरतात जे तुम्हाला आजच करता येईल: कार्बन किंवा ओझोनच्या आधी आणि नंतर २५४ नॅनोमीटरला पाण्याचं शोषण. यातली घट आणि औषधांचं निष्कासन यांचा चांगला मेळ बसतो. तुमच्या प्रत्येक फ्लास्कला साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हे वाचन घ्या. मात्र कार्बनचे बारीक कण राहिले तर वाचन फुगतं, तेव्हा ०.४५ मायक्रॉनने गाळा आणि कार्बन अधिक शुद्ध पाणी असा ब्लँक ठेवा. एसपीईचे वीस कार्ट्रिज परवडत नसतील तर आधी यावरून मात्रा ठरवा आणि निवडक फ्लास्कच एचपीएलसीला न्या.

उरलेली स्पाइक केलेली द्रावणं, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिनची, बेसिनमध्ये ओतू नका. लेबल लावून वेगळ्या कॅनमध्ये साठवा, वापरलेला कार्बन आणि कार्ट्रिजही त्याच्यासोबत, आणि कॉलेजचा घातक कचरा ज्या अधिकृत संस्थेकडे जातो तिच्याकडे द्या. कॉलेजची तशी व्यवस्थाच नसेल तर प्रयोग सुरू करण्याआधी विभागप्रमुखांकडे लेखी मागणी करा.