पायथनचं पुस्तक छापायला देताना

प्रश्न: मी डिप्लोमाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो, त्यांच्यासाठी वर्डमध्ये मराठीतून पुस्तक लिहिलंय, डेमी साइझमध्ये काढायचंय. पहिलं प्रूफ आलं तर कोडच्या ओळी कुठेही तुटलेल्या, आणि एका मुलाने प्रूफच्या पीडीएफमधून साधा दोन ओळींचा प्रोग्रॅम कॉपी करून चालवला तर एरर! नक्की काय काय बघू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सर, मराठीत असं पुस्तक येतंय याचा खरंच खूप आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एररचं आधी. बहुतेक अवतरणचिन्हांचा घोळ असणार. आपण सरळ चिन्ह टाइप करतो आणि वर्ड लगेच त्याचं वळणदार करून टाकतं, मजकुरात ते छान दिसतं पण पायथनला ते चालत नाही, सिंटॅक्स एरर येते. दोन हायफन शेजारी आले तर त्यांचाही डॅश होतो. त्यामुळे कोड वर्डमध्ये टाइपच करू नका, चालवून बघितलेल्या फाइलमधून थेट पेस्ट करा आणि त्याला वेगळी स्टाइल द्या. पीडीएफमधून कॉपी करताना इंडेंटेशनही (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) बरेचदा उडतं, ते तुमच्या हातात नाही, मुलांना फाइल्स वेगळ्या द्या.

आता ओळी. पायथनच्या स्टाइल गाइडमध्ये ओळीची मर्यादा ७९ अक्षरं आहे, पण ती स्क्रीनसाठी. डेमी पान साडेपाच इंच रुंद, समास सोडले की मजकुराला सव्वाचार इंच म्हणजे ३०६ पॉइंट (छपाईचं माप, इंचाला ७२) उरतात. कुरियर या फॉन्टचं ९ पॉइंटमधलं प्रत्येक अक्षर ५.४ पॉइंट जागा खातं, म्हणजे ओळीत बसणार फक्त ५६! कोड लिहायच्या एडिटरमध्ये ५५ अक्षरांवर रेघ लावून घ्या आणि ओळी तुम्ही स्वतः तोडा, कंसाच्या आत स्वल्पविरामानंतर तोडली तर पायथनची काही हरकत नसते. डीटीपीवाल्यावर सोडलंत तर तो जागा बघून तोडणार, त्यात त्याची चूक नाही.

आणि त्याला आजच फोन करून विचारा, मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची वेगळी जागा असते ती पद्धत) लावताय की जुन्या फॉन्टमध्ये? जुन्या मराठी फॉन्टांत आपली अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागी बसवलेली असतात, सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदलला की कोडच्या जागी नुसती काना-मात्रांची रांग दिसते. मी काम केलेल्या एका पुस्तकात हे झालं होतं, प्रूफ वाचणाऱ्या ताईंना प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, त्यांना वाटलं असंच असतं. छापायला जायच्या आदल्या रात्री मला दिसलं, हातपाय गार पडले.

कोडचा फॉन्ट समान रुंदीचाच हवा, आणि शून्य व ओ, एक व एल वेगळे ओळखू येतील असा, डेजाव्हू सान्स मोनो फुकट मिळतो. फक्त त्याची अक्षरं थोडी मोठी दिसतात, ८.५ पॉइंट पुरे. मराठी मजकुराला वर-खाली मात्रा-उकार असतात, ११ पॉइंटच्या अक्षराला एका ओळीपासून दुसरीपर्यंत १६ पॉइंट तरी अंतर ठेवा. कोडमागे राखाडी पट्टा नको, साध्या कागदावर ठिपके येतात आणि मुलं झेरॉक्स काढतातच, बाजूला बारीक रेघ पुरते. ओळींचे नंबरही नकोत, नवशिकी मुलं तेही टाइप करतात.

एक मात्र सोडू नका: लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा तुकडा) दोन पानांत तुटू देऊ नका. पान उलटलं की वरची ओळ कितपत आत होती ते दिसत नाही, आणि पायथनमध्ये तर सगळा अर्थ त्या चार स्पेसांत असतो. छोटा कोड अख्खा पुढच्या पानावर ढकला, खाली जागा रिकामी राहिली तर राहू दे.

फायनल प्रूफ आलं की त्याच मुलाला बसवा, छापील पानावरून प्रत्येक प्रोग्रॅम टाइप करून चालवायला सांगा, अडेल तिथे पेन्सिलने खूण.