ठाण्यात राहून सरकारी कामातल्या अनुवादकाने, दुभाष्याने ओळखी आणि कौशल्य कसं वाढवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, मराठीत एम.ए. झालंय, इंग्रजी आणि हिंदी पक्कं आहे, न्यायालयांची आणि शासकीय कार्यालयांची कामं करायची आहेत. मग कोर्स कोणता करावा, लिंक्डइनचा उपयोग होतो का, आणि 'ओळखी नसल्या तर सगळं फुकट' हे खरं का. या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

ओळखी लागतात. पण साहेबांच्या केबिनबाहेर कार्ड ठेवून येणाऱ्याला फार तर एक काम मिळतं. दुसरं काम मिळतं ते पहिल्या कामात तुम्ही कोणत्या शंका काढल्यात आणि कुणाला विचारल्यात त्यावर. आमच्या क्षेत्रातली निम्मी जुनी मंडळी याच्या उलट शिकवतात. शंका विचारली की अनुवादक कच्चा दिसतो, कार्यालय पुन्हा बोलावत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं चूक आहे. किती महागात पडतं ते तपासणीला आलेल्या एका कागदावरून सांगते.

भूसंपादनाच्या वाढीव भरपाईचं प्रकरण होतं. खाडीकाठचं गाव, वयस्कर शेतकरी, त्यांचा मराठी जबाब इंग्रजीत करायचा होता. जबाबात तीन छोटी वाक्यं होती: 'जमीन खारातली. बांध आम्हीच राखायचो. भात व्हायचा.' अनुवादकाने 'खारातली'चं सरळ 'सलाइन' केलं. कोशात खार म्हणजे क्षार, मीठ. त्यामुळे शब्दाला शब्द लावला तर चूक दिसतही नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्यासमोर मिठाने जळालेली, नापीक जमीन उभी राहिली. समोरच्या वकिलांनी नेमका तोच शब्द उचलला: साक्षीदार स्वतःच जमीन खारट असल्याचं सांगतोय, मग पिकाची भरपाई कसली? आणि भाताचं वाक्य, जे अगदी खरं होतं, तेच बनावट वाटू लागलं.

आपल्या खाडीपट्ट्यात खार हा जमिनीचा प्रकार आहे. भरतीचं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, बाहेर सोडायचं, माती धुऊन निघाली की त्यात भात लावायचा. त्यासाठी राज्यात वेगळा कायदाच आहे, महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९. म्हणून इंग्रजीत 'खार' तसाच ठेवायचा आणि पहिल्या वापराला तळटीप द्यायची: बांध घालून भरतीपासून राखलेली, लागवडीखालची जमीन. खाजण त्याहून वेगळं, तिथे भरतीचं पाणी अजून येतं. आणि या शब्दांचा वापर गावागणिक थोडा सरकतो, म्हणून कोश उघडल्यावरही विचारावंच लागतं.

त्याच प्रकरणात सातबाऱ्यावरचं क्षेत्र ०-०४-०५ होतं. हेक्टर, आर, चौरस मीटर, म्हणजे एकूण ४०५ चौरस मीटर. टंकलेखनात ते ०.४५ हेक्टर झालं, म्हणजे ४,५०० चौरस मीटर. अकरा पटींहून जास्त! असे आकडे कधीही एकट्याने तपासू नयेत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने भाषांतरावर बोट ठेवायचं. तारखा, गट नंबर, हिस्सा नंबर, रकमा, सगळं असंच. दहा पानांना अर्धा तास लागतो.

मग दुरुस्तीचा अर्ज, नवं भाषांतर, नवं प्रमाणपत्र आणि पुढची तारीख. 'खारातली'भोवती अनुवादकाने पेन्सिलने गोल केलेला होता. म्हणजे शंका आली होती, पण विचारायचं नाही असं शिकवलेलं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला कोर्सचा नाही, शंकापत्रकाचा आहे. एक पान, पाच रकाने: पान व ओळ, मूळ शब्द, मी काय केलं, दुसरा पर्याय, आणि शेवटचा कार्यालयाच्या निर्णयासाठी रिकामा. आठ-दहा ओळींवर जाऊ नका. काम चार दिवसांचं असेल तर पत्रक पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलं पाहिजे. चौथ्या दिवशी पाठवलेली शंका ही उशिराची सबब वाटते. प्रश्न असा लिहा की 'पहिला' किंवा 'दुसरा' एवढ्या शब्दात उत्तर देता यावं. 'याचा अर्थ काय?' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण टेबलावरच्या माणसालाही तो वरून विचारावा लागतो. निर्णय लिहून आला की तो तुमच्या शब्दनोंदीत तारीख आणि कार्यालयाच्या नावासह चढवा. वर्षभरात चारशे-पाचशे नोंदी सहज होतात आणि त्या कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाच्या असतात.

मात्र कोशात मिळतं ते कार्यालयाला विचारायचं नाही. 'विदाउट प्रेज्युडिस टू'चं 'पूर्वग्रह न ठेवता' करणारा आणि न्यायालयाच्या 'लीव्ह'ला रजा म्हणणारा खरोखरच कच्चा. तिथे 'बाध न येता' आणि 'परवानगी' हवं. भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश, पदनाम कोश आणि प्रशासन वाक्प्रयोग हे रोज हाताशी हवेत. पदनामात तर अंदाज चालतच नाही. तोच 'अ‍ॅडिशनल' जिल्हाधिकाऱ्यांना लागला की अपर आणि महापालिकेच्या आयुक्तांना लागला की अतिरिक्त. कलमाचा मजकूर उद्धृत असेल तर स्वतः भाषांतर करू नका. केंद्रीय कायद्यांचे प्राधिकृत मराठी पाठ असतात, त्यासाठी १९७३ चा कायदा आहे. पाठ उपलब्ध असेल तर त्यातलं वाक्य जसंच्या तसं घ्या, कितीही बोजड वाटलं तरी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा जुन्या नोंदींतले कलम क्रमांकही तपासून घ्या. मूळ कागदात जुनं कलम असेल तर ते जुनंच ठेवायचं, बदलून 'बरोबर' करायचं नाही.

आता ओळखी. तुम्हाला चार माणसं लागतात. महसुली शब्दांसाठी निवृत्त तलाठी किंवा भूमी अभिलेखमधलं कुणी. न्यायालयीन नमुन्यांसाठी निवृत्त शिरस्तेदार (न्यायालयाच्या कार्यालयातला वरिष्ठ कर्मचारी) किंवा दिवाणी बाजूचा जुना कारकून. तुमच्याच भाषाजोडीतला एक बरोबरीचा अनुवादक, जो तुमचं पान लाल करेल आणि तुम्ही त्याचं. आणि खाडीपट्ट्यातला कुणी आगरी-कोळी बोलणारा जाणता माणूस. ही माणसं ठाण्यात कोर्ट नाक्यावर, बेलापूरला कोकण भवनच्या आसपास भेटतात, आणि एखाद्या शब्दासाठी फोन केला तर त्यांना राग येत नाही, उलट आनंद होतो. आधी त्यांना काहीतरी द्या: एखाद्या अर्जाचं भाषांतर, एखादं टिपण. जुन्या दस्तांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती मात्र कुठूनही मिळवून जवळ ठेवा. जुने महसुली आणि शेतीचे शब्द त्यात असे सापडतात की नव्या कोशांत त्यांचा मागमूस नाही.

दुभाष्याच्या कामालाही हेच लागू आहे, फक्त शंका तिथल्या तिथे, न्यायाधीशांची परवानगी घेऊन विचारायची. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे दुभाष्याला शपथ असते आणि नव्या संहितेच्या कलम ३१७ ने खरं भाषांतर करणं बंधनकारक आहे. साक्षीदार 'मी गेलो' म्हणाला तर तुम्हीही 'मी गेलो'च म्हणायचं, 'तो म्हणतो की तो गेला' नाही. हिंदी साक्षीदार 'कल' म्हणतो. काल की उद्या हे क्रियापदावरून कळलं नाही तर थांबा आणि विचारा. इंग्रजीतला 'कझिन' चुलत, मामे, आते की मावस, हे विचारल्याशिवाय मराठीत येतच नाही. वाक्य नीटनेटकं करून देणं हा सगळ्यांत मोठा दोष. साक्षीदार अडखळला तर ते अडखळणं न्यायालयाला कळलं पाहिजे. सरावासाठी बातम्यांचे दोन मिनिटांचे तुकडे लावा, वहीत फक्त नावं, आकडे आणि क्रम टिपा, मग बोलून ध्वनिमुद्रण ऐका. रोज वीस मिनिटं पुरतात.

दुभाष्यांसाठी एक दार आहे, बहुतेकांना माहीतच नसतं. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याखालच्या पोक्सो नियम, २०२० च्या नियम ५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवायची असते, आणि ती पोलिसांना व विशेष न्यायालयाला उपलब्ध करून द्यायची असते. पदवी हीच अट नाही. मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोन्हींची कामापुरती चांगली जाण हवी. ती मातृभाषेमुळे असो, प्राथमिक शाळेच्या माध्यमामुळे असो, व्यवसायामुळे असो की त्या भागात राहिल्यामुळे. बंगाली, तेलुगू, कन्नड येणाऱ्यांनी तर अर्ज द्यावाच. सांकेतिक भाषेसाठी मात्र मान्यताप्राप्त संस्थेची पात्रता लागते. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. तिथली नोंदणी वेगळी, अलिबागला.

कोर्सबद्दल थोडक्यात. इग्नूची अनुवादाची पदव्युत्तर पदविका घरी बसून होते आणि केंद्राच्या भरतीत अनुवादाचा अभ्यासक्रम किंवा दोन वर्षांचा अनुभव मागतात, तिथे ती चालते. पण ती भरती हिंदी-इंग्रजीची आहे. एम.ए. दुसऱ्या विषयात असेल तर पदवीला हिंदी आणि इंग्रजी दोन्ही, विषय किंवा माध्यम म्हणून, असावे लागतात. तुमच्या एम.ए. मराठीवर ते दार उघडेल की नाही, हे पदवीच्या विषयांवरून आणि जाहिरातीतल्या अटींवरून तपासा. केंद्रीय अनुवाद ब्यूरोचं प्रशिक्षण चांगलं असतं, पण ते मुख्यतः नोकरीत असलेल्यांसाठी. 'कंठस्थ' ही राजभाषा विभागाची अनुवाद-स्मृती प्रणाली (आधीची भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारी) इंग्रजी-हिंदीसाठी आहे, मराठीच्या कामात तिचा आधार धरू नका. म्हैसूरच्या राष्ट्रीय अनुवाद अभियानाच्या अनुवादक नोंदवहीत नाव घाला. लिंक्डइनवर भाषाजोडी आणि विषय लिहून ठेवा, खासगी संस्था तिथे शोधतात. शासकीय कार्यालयाकडून त्यातून काम येतं असं समजू नका.

पैशाचं: लेखी कार्यादेशाशिवाय सुरुवात नको. त्यात शब्दसंख्या मूळ मजकुराची की भाषांतराची, हे लिहून घ्या. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडले जातात, त्यामुळे इंग्रजीवरून मराठी केलं की शब्द कमी भरतात आणि मराठीवर मोजलं की तुमचं नुकसान. मजकूर युनिकोडमध्येच द्या. आणि 'ऱ्य' एकाच पद्धतीने टाइप करा. दोन पद्धती मिसळल्या तर शोधताना 'करणाऱ्या'सारखे शब्द अर्धेच सापडतात.

शंका विचारा म्हटलं त्याला एक मोठी मर्यादा आहे, ती आधीच सांगायला हवी होती. पोक्सोच्या कामात दुभाष्यावर गोपनीयतेचं बंधन असतं, आणि गोपनीय शिक्क्याच्या कागदालाही तेच धरून चाला. अशा कामातला मजकूर त्या निवृत्त तलाठ्यालाही दाखवायचा नाही आणि कुठल्या मोफत भाषांतर-यंत्रातही टाकायचा नाही. एकटा शब्द विचारता येतो, वाक्य नाही. गाव, नाव, नातं, तारीख यांतलं काही सोबत गेलं तर त्या एका शब्दावरून प्रकरण ओळखू येतं. तिथे शंकापत्रक फक्त ज्या अधिकाऱ्याने काम दिलं त्याच्याकडे, बंद लिफाफ्यात, आणि तुमच्या शब्दनोंदीत नुसता शब्द.