कागदं लिहिणारे डॉक्टर

चि. डॉक्टरीणबाई,
अ. आ.

निम्मा दिवस एमएलसीच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येणाऱ्या केसेसच्या, कागदांत जातो म्हणून वैतागली आहेस. ‘यासाठी का एमबीबीएस केलं?’ माझी तर उभी सरकारी नोकरी त्यात गेली. तुला एक जुना कागद दाखवतो.

साल 325, इजिप्तमधलं ऑक्सिरिंकस. घर कोसळून एकाची मुलगी जखमी झाली. बापाने अर्ज केला, शहराच्या अधिकाऱ्याने सरकारी डॉक्टर पाठवले. त्यांनी घरी जाऊन मुलीला पाहिलं आणि अंगावर कुठे काय लागलंय ते लिहून दिलं. तो पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, आजही वाचता येतो. त्याच गावात 173 साली गळफासाचं प्रेत पाहायलाही सरकारी डॉक्टरच गेला होता. म्हणजे आपलं हे दुखणं तसं जुनंच.

पाहिलंस तेवढंच लिही. ‘दांडक्याने मारलं’ हे नातेवाइकांचं सांगणं. ते त्यांच्या नावावर टाक. दांडकं तू पाहिलेलं नाहीस. तू पाहिलास दंडावरचा वळ: किती लांब, कुठल्या रंगाचा. ‘किरकोळ मार’ लिहून मोकळी झालीस, तर कोर्टात वकील तुलाच सोलेल. माझं सोलून झालंय.

आता पैशांचं. 368 साली सम्राट व्हॅलेंटिनियनने रोमच्या प्रत्येक विभागासाठी सरकारी वैद्य नेमायचं फर्मान काढलं. तुमचं पगाराचं धान्य लोकांच्या पैशातून येतं, तेव्हा श्रीमंतांची लाचारी करण्यापेक्षा गरिबांची सेवा करा, असं त्यात बजावलंय. मोठ्यांचा वशिला चालणार नाही, हेही. असे कायदे मी उलटे वाचतो: ‘करू नका’ म्हटलंय, ते सर्रास चालत असणार!

त्यातलं एक कलम मला फार आवडतं. बरा झालेला माणूस देईल ते घ्यावं. जिवावर बेतलेल्याने कबूल केलेलं घेऊ नये. सर्पदंशाच्या पोराचा बाप रात्री दोनला मला म्हैस द्यायला निघाला होता. मी त्याला बाहेर बसवलं. पोरगं घरी गेल्यावर महिन्याने त्याने खरवस आणला, तो मात्र मी खाल्ला.

पुढच्या पत्रासोबत तू लिहिलेला एखादा जखमेचा दाखला नाव-गाव गाळून पाठव. लाल पेन काढून ठेवलंय.

तुझा,
सर