‘खुला’ कोण, जागा की माणूस?

एका वाचकाने विचारलं आहे: “‘खुल्या प्रवर्गातील उच्चशिक्षितांनी आता राजकारणात उतरले पाहिजे’ असे वाक्य वाचले. ‘खुला प्रवर्ग’ हे जातींच्या गटाचे नाव आहे का? आणि ‘ओपन’ला दुसरा बरा मराठी शब्द आहे का?”

‘ओपन’ म्हटलं की मराठीत तीन शब्द पुढे येतात: उघडा, मोकळा, खुला. बोलताना आपण सहसा यांची गल्लत करत नाही. दार उघडं असतं, एसटी मोकळी असते, स्पर्धा खुली असते. उघड्या जागेवर छप्पर नसतं, मोकळ्या जागेत कोणी नसतं आणि खुल्या जागेत यायला कोणालाच मज्जाव नसतो. खुलं अधिवेशन, खुलं आव्हान, खुला लिलाव या सगळ्यांत ‘कोणीही यावं’ असाच भाव आहे. म्हणून ‘ओपन सीट’ला ‘खुली जागा’ हा शब्द अगदी चपखल बसला आहे, दुसरा शोधायची गरज नाही. (‘खुलासा’चा मात्र या ‘खुला’शी संबंध नाही, तो अरबीतून आला.)

घोळ पुढे झाला. ‘खुला’ हे जागेचं विशेषण होतं, ते हळूहळू माणसाला चिकटलं. “तुमची कॅटेगरी?” “आम्ही ओपन.” एकदा माणूसच ‘ओपन’ झाला की खुली जागा आपोआप ‘ओपनवाल्यांची’ होते. म्हणजे जी सगळ्यांची, ती काहींची. शब्दाचा अर्थ बदलतो हे मला मान्य आहे, पण इथे तो उलटा झाला आहे.

असंच बुद्धिबळात होतं. ऑलिम्पियाडमध्ये ‘खुला’ आणि ‘महिला’ असे दोन विभाग असतात. आपल्याकडच्या बातम्यांत खुल्या विभागाला सर्रास ‘पुरुष विभाग’ म्हणतात. पण २००२ साली हंगेरीच्या ज्या संघाने खुल्या विभागात रौप्यपदक मिळवलं, त्यात ज्युडिट पोल्गार ही महिला खेळाडू होती.

गंमत अशी की प्रवेशाची सरकारी यादी हा फरक नीट पाळते. अभियांत्रिकीच्या कॅप फेरीची (म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) यादी उघडून बघा. विद्यार्थ्याचा प्रवर्ग एका रकान्यात आणि त्याला मिळालेल्या जागेचा प्रकार दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात ‘ओबीसी’ आणि दुसऱ्यात ‘जीओपनएस’ असं अनेकदा दिसतं. त्यातला ‘जी’ म्हणजे जनरल (मुलींच्या जागेला ‘एल’ लागतो), ‘एस’ म्हणजे राज्यस्तरावरची जागा आणि मधला ‘ओपन’ हा जागेचा प्रकार. आयआयटीच्या प्रवेशात तर शब्दच वेगळे आहेत: राखीव प्रवर्गात न मोडणारा उमेदवार ‘जनरल’ आणि जागा ‘ओपन’.

भाचीच्या प्रवेशासाठी मी एका सुविधा केंद्रावर गेलो होतो तेव्हाचं सांगतो. रांगेत पुढे एक गृहस्थ यादीची प्रिंट हातात धरून काकुळतीला आले होते. “साहेब, पोरीचं जातीचं सर्टिफिकेट जोडलं होतं, त्याची व्हॅलिडिटीपण (पडताळणीचा दाखला) जोडली होती. तरी तिला ओपनमध्ये टाकलंय.” त्यांना वाटत होतं की चूक झाली, आता मुलीची जागा जाणार. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, “काका, चूक नाही. तिच्या मार्कांवर लागलाय नंबर.” त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. आणि माझ्या मागे उभा असलेला दुसरा पालक हळूच म्हणाला, “म्हणजे आमच्यातलीपण एक जागा गेली.” एकाच शब्दाच्या एकाच गैरसमजाने एक बाप घाबरला होता, दुसरा चिडला होता. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

‘खुला’ हा खरोखरच जातींचा गट असता तर प्रवेश कसे दिसले असते? त्याचा नमुना आपल्या इतिहासात आहे. जुन्या मद्रास प्रांतात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाला ‘कम्युनल जी.ओ.’ म्हणजे जातवार जागा वाटून देणारा सरकारी हुकूम लागू होता. दर १४ जागांमागे ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागासलेल्या हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चन मिळून १ आणि मुसलमानांना १. बेरीज करा, चौदा झाले. खुली जागा एकही नाही, प्रत्येक जागेवर कोणाचं तरी नाव. चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आलं आणि मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करायचा अधिकार राज्यांना मिळाला. आजच्या राखीव जागांची घडण वेगळी आहे. काही जागा राखून ठेवायच्या, उरलेल्या कोणाच्याच नावावर नाहीत. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के गेल्यावर साडेचाळीस टक्के उरतात. त्यांना ‘आमचा कोटा’ म्हणणं म्हणजे नकळत त्या मद्रासच्या हुकुमाकडे परत जाणं. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: खुला प्रवर्ग हा कोटा नाही, तो सर्वांसाठी आहे.

आता राजकारणाकडे येऊ, कारण वाक्य तिथलं आहे. तिथे ‘खुला’ शब्दाने आपला मूळ अर्थ बराच टिकवला आहे. “आमच्या वॉर्डाला आरक्षण पडलं”, “सोडतीत सरपंचपद खुलं झालं” असं गावोगाव बोलतात आणि खुलं झालं की कोणीही अर्ज भरू शकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हा अर्थसुद्धा एकदा कोर्टात तपासून घ्यावा लागला आहे. १९५७च्या लोकसभा निवडणुकीत आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जमातींसाठी राखीव. दोन्ही जागांवर जमातीचेच उमेदवार निवडून आले. हरलेले होते व्ही. व्ही. गिरी, आयर्लंडमध्ये कायदा शिकलेले, कामगार चळवळीतले मोठे नेते, पुढे राष्ट्रपती झाले ते. राखीव जागेसाठी उभा राहिलेला उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येऊच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. जास्त मतं मिळाली तर सर्वसाधारण जागाही त्याचीच. इतका शिकलेला, इतका अनुभवी माणूस जिथे अडला, तिथे आपण शब्द जपून वापरायला नको का?

मूळ वाक्यातली मला खटकणारी गोष्ट मात्र ‘खुल्या प्रवर्गातील’ आणि ‘उच्चशिक्षित’ यांची जोडी आहे. २००६ साली केंद्रीय संस्थांतल्या ओबीसी आरक्षणाविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हाही ही जोडी माझ्या कानावर सतत पडत होती. शिकलेला माणूस राजकारणात यावा ही इच्छा अगदी योग्य आहे. पण अमरावतीचे, कुणबी समाजातले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डचे डॉक्टरेट आणि बॅरिस्टर होते, देशाचे कृषिमंत्री होते आणि मागासवर्गीयांच्या हक्कांसाठी घटना समितीत भांडत होते. बाबासाहेबांच्या पदव्या तर मी मोजून दाखवायला नकोत. १९५२ला मुंबईत उभे राहिले तेव्हा त्यांच्याइतका शिकलेला उमेदवार देशात दुसरा कोण होता? ‘उच्चशिक्षित’ला ‘खुल्या प्रवर्गातील’ची शेपटी लावली की हे दोघे वाक्याबाहेर जातात.

तेव्हा माझी सूचना अशी. जागेबद्दल बोलताना ‘खुली जागा’ किंवा ‘अनारक्षित जागा’ बेलाशक लिहा. माणसाबद्दल सांगायचंच असेल तर ‘कोणत्याही राखीव प्रवर्गात न मोडणारे’ असं लिहा. लांब आहे, पण खरं आहे. ‘सर्वसाधारण’ चालेल, तरी मला तो जरा डाचतो, कारण त्यामुळे बाकीचे ‘असाधारण’ ठरतात. आणि तुम्ही वाचलेलं वाक्य मी दुरुस्त केलं असतं तर एवढंच ठेवलं असतं: ‘उच्चशिक्षितांनी आता राजकारणात उतरले पाहिजे.’